रणभूमीवर पवनचक्की?

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,



मागील पालकसभेत फीचा विषय संपला आणि अचानक पवनचक्क्यांवर वाद सुरू झाला. रतलाम-मंदसौरपाठोपाठ धार जिल्ह्यातही त्या आल्या आहेत. उद्या अमझेऱ्याच्या रणभूमीवर आल्या तर? एका पालकांना हा पूर्वजांचा अपमान वाटला. दुसरे म्हणाले, "विजेचे बिल पूर्वज भरणार काय?" हशा झाला, चहा आला, विषय राहून गेला. म्हणून आमचे मत येथे मांडत आहोत.

पवनचक्कीशी आमचे वैर नाही. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकात त्या उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही नवे शिक्षक होतो आणि मुलांना रांगेने पाहायला नेत असू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते, हे गणित तिथे न शिकवता कळत असे. म्हणूनच चक्कीला उंच कडा व घाटमाथा हवा असतो. गंमत अशी, की सैन्यालाही तोच हवा असे.

सन १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याच्या घाटाकडे डोळे लावून बसला होता. चिमाजी आप्पांची फौज नर्मदा उतरून मांडवच्या घाटाने वर आली. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याजवळ गाठ पडली. गिरधर बहादूर आणि त्याचा चुलत भाऊ दया बहादूर दोघेही पडले. या लढाईत उदाजी पवार होते. पुढे धार-देवासची पवारांची राज्ये झाली आणि आपली घरे इकडे रुजली, त्याची वाट इथूनच जाते. आमचे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले. त्या पुस्तकात या लढाईला दीड ओळ होती. आजोबा मात्र अशी सांगत, जणू स्वतः घोड्यावर होते.

पण नेमकी जागा कोणती? जुन्या लेखनात धार-अमझेऱ्यामधल्या तिरला गावाचे नाव येते. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांच्यासारख्या अभ्यासकांनी पेशवे दफ्तरातील पत्रे पाहून अमझेऱ्याची तारीख पक्की केली. कोणत्या शेतात कोणती तुकडी होती, हे पत्रांत नाही. ते असलेच तर मातीत आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १९८३ साली वणव्याने गवत जळाले. पुढच्या वर्षापासून जमिनीतील गोळ्या व काडतुसे कुठे पडली ते नकाशावर मांडले गेले आणि लढाई कशी सरकत गेली ते नव्याने समजले. गोळी उचलून खिशात घातली की तिची साक्ष संपते.

म्हणून दुरून चक्की दिसते याचे आम्हांस फारसे दुःख नाही. ती पंचवीस वर्षांनी काढताही येईल. आमची चिंता जमिनीची आहे. आजच्या एका मोठ्या चक्कीच्या पायासाठी सुमारे वीस मीटर रुंद खड्डा लागतो, त्यात शेकडो घनमीटर काँक्रीट जाते. साठ मीटरचे पाते नेण्यासाठी रस्ता रुंद होतो, क्रेनसाठी जागा सपाट होते, केबलसाठी चर खणले जातात. ही माती पुन्हा पूर्ववत होत नाही.

कायदा इथे फारसा कामी येत नाही. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी व त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आले. पण जे कोणी संरक्षित म्हणून जाहीरच केले नाही, त्या उघड्या शेताला हे अंतर मोजणार कुठून? फ्रान्समध्ये ब्युलेकूर येथे १९१७ साली सुमारे दहा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. अनेकांचे देह अजून त्या मातीत आहेत. तिथे सहा चक्क्या ठरल्या होत्या; ऑस्ट्रेलियातून विरोध झाला आणि २०१८ साली कंपनीने बेत सोडला. त्यांना जागा ठाऊक होती, म्हणून बोलता आले.

आपल्याला बोलण्याचा हक्क किती, हाही प्रश्न आहे. जमीन अमझेऱ्याच्या शेतकऱ्याची. कंपनीचे भाडे त्याच्या मुलीच्या कॉलेजला लागेल. आपण देवासात बसून त्याला "देऊ नको" म्हणायचे, आणि स्वतः तिथे एकदाही जायचे नाही? सभेत आम्ही हात वर करायला सांगितले. अमझेरा पाहिलेले चारच निघाले. शिवाय अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह १८५७ च्या उठावात लढले आणि १८५८ साली इंदूरला फाशी गेले. त्या गावाचा अभिमान आपल्या विजयापाशी संपत नाही. पडलेला गिरधर बहादूरही नागर ब्राह्मण होता, हे आमच्या आजोबांनी कधी सांगितले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की आधी जागा शोधावी, जाणकारांकडून नकाशा करून घ्यावा, तो ग्रामपंचायतीला व जिल्हा कचेरीला द्यावा. तेवढा पट्टा सोडून चक्क्या खुशाल उभ्या राहोत. खर्चाचा विषय विश्वस्तांपुढे ठेवला आहे.

येत्या २९ नोव्हेंबरला नववीचा वर्ग अमझेऱ्यास जाईल. पालकांनी संमतिपत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे. मुलांनी वही, पाण्याची बाटली व दुपारचा डबा आणावा. शेतात काही सापडल्यास उचलू नये. जागा वहीत टिपून सरांना दाखवावी.

आपले,
मुख्याध्यापक