दारूचा वास म्हणजे निदान नव्हे

पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाट ते पेठ नाका या पट्ट्यात रात्री अपघात झाला, की जखमीला बहुधा आधी जवळच्या रुग्णालयात आणतात. तोंडाला वास असला तर सोबतचेच सांगून टाकतात, ‘प्यायलाय, उतरली की उठेल.’ धोका इथेच आहे. डोक्यात रक्तस्राव झाला किंवा रक्तातली साखर फार खाली गेली, तरी माणूस असाच बरळतो आणि असाच निपचित पडतो.

साखर आपण ग्लुकोमीटरवर काही सेकंदांत पाहतो. अल्कोहोलचे काय? पोलिसांच्या यंत्रात फुंकावे लागते. बेशुद्ध माणूस फुंकणार कसा? न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल खटल्याच्या कामाचा, त्या रात्रीच्या उपचाराच्या नव्हे.

म्हणून ग्लुकोमीटरसारखीच अल्कोहोलची पट्टी हवी. विकर, म्हणजे एन्झाइम, इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्येच मांडली होती. अल्कोहोल ऑक्सिडेज हे विकर अल्कोहोलवर काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि इलेक्ट्रोडवर त्यापासून वीजप्रवाह मिळतो. अल्कोहोल जास्त, तर प्रवाह जास्त.

खरी मेख विकर बसवण्यात आहे. नुसता थेंब वाळवला तर ते धुऊन जाते. रसायनाने फार घट्ट बांधले तर त्याचा काम करणारा भागच अडकतो. म्हणून ते कायटोसनसारख्या, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या पदार्थाच्या पातळ थरात धरून ठेवतात. तरीही ते ग्लुकोमीटरमधल्या विकरापेक्षा नाजूकच. फ्रीजबाहेर, जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात कपाटातली पट्टी किती दिवस चालेल? शोधनिबंधांतल्या संवेदनशीलतेच्या आकड्यांपेक्षा मला याचे उत्तर आधी हवे आहे.

शिवाय हे विकर मिथेनॉललाही पकडते, किंबहुना जास्त जोमाने. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. यीस्टमधले अल्कोहोल डिहायड्रोजनेज मात्र मिथेनॉलला जवळजवळ शिवत नाही. दोन्ही विकरे शेजारी-शेजारी बसवली, तर आकड्यांतल्या तफावतीवरून निदान संशय तरी वेळेत येईल.

मोटार वाहन कायद्यातली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा तपासायला ही पट्टी नको. ती डॉक्टरांसाठी हवी. आकडा लहान आणि रुग्ण शुद्धीवर नाही, तर उतरण्याची वाट न पाहता त्याला सीटी स्कॅनसाठी साताऱ्याला किंवा मिरजेला हलवावे. आकडा मोठा आला तरी डोक्याला मार नाही असे ठरत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या पुन्हापुन्हा पाहाव्याच लागतील. आणि बोट स्पिरिटने पुसू नये, नाहीतर पट्टी आपल्याच बाटलीतले अल्कोहोल मोजेल.