चोर विहिरीवर आणि चोर घरात : कायदा एकच नाही



केबल चोरीचा विषय निघाला की मोबाईलवर दोनच सल्ले फिरतात. एक म्हणतो, "चोराला हात लावला तर तुम्हीच आत." दुसरा म्हणतो, "वावरात शिरला की तोडा, कायदा माफ करतो." दोन्ही खोटे. पहिल्यानं शेतकरी लुटला जातो, दुसऱ्यानं जेलात जातो.

स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आकडे बदलले, गाभा तोच.

विहिरीवर केबल कापणारा दिसला तर अडवा, धरा, गरजेपुरतं बळ वापरा. जीव घ्यायचा हक्क नाही. तो कोयता घेऊन अंगावर आला तर गोष्ट वेगळी. रात्री घर फोडून शिरला, जबरी चोरी केली, राहत्या घराला आग लावली, तर कलम ४१ प्रमाणे प्रतिकारात त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण तिथंही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. चोर खांबाला बांधला की हक्क संपला. पुढची प्रत्येक काठी आपल्यावर गुन्हा.

तारेत थेट लाईनचा करंट सोडणं तर सरळ मूर्खपणा. तार चोर ओळखत नाही, गुराख्याचं पोरही ओळखत नाही. बिहारमध्ये एकानं आपल्या संडासाकडं बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून करंटची तार लावली, एक बाई मेली. १९६३ साली सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा कायम केली. जागा माझी, हे तिथं चाललं नाही.

आता सरकारला एक सवाल. कायदा म्हणतो, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. मळ्यातल्या वस्तीवर रात्री दोनला तो वेळ कसा मोजायचा? २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, की जिवावर बेतलेल्या माणसानं प्रत्येक घाव हिशेबानं घालावा ही अपेक्षा धरू नये. मग तपास करणाऱ्यानंही पंचनामा लिहिताना हे ध्यानात ठेवावं, अन् पोलिसांनी ग्रामसभेत येऊन हा कायदा समजावून सांगावा. गुन्हा दाखल झाल्यावर वकिलाकडून कळून काय उपयोग?

तोवर एवढं करा : आधी ११२ ला फोन, मग शेजारच्या वस्तीला हाक, अन् धरलेला चोर जिवंत पोलिसांच्या हवाली.