कॅमेरा आमचा, कुलूप कंपनीचे

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या पोटात काय दडले आहे, हे सरकारला पाहायचे आहे. म्हणून ९ एप्रिल २०२५ पासून देशात असा कॅमेरा विकायचा तर त्याचे यंत्र, ते चालवणारे फर्मवेअर आणि त्याचा सोर्स कोड मान्यताप्राप्त प्रयोगशाळेपुढे ठेवावा लागतो. कंपन्यांनी आदळआपट केली, सरकार बधले नाही. उत्तम झाले. पण ज्याने खिशातले पैसे मोजून तो कॅमेरा घेतला, त्याच्या हाती काय पडले? इंग्रजीतले चार पानी पत्रक आणि उघडल्यास वॉरंटी रद्द अशी तंबी. सरकारला जे दाखवता, ते मालकाला का दाखवत नाही?

ही मागणी म्हणजे शहरी लोकांचा चोचला नव्हे. धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात चैत्री यात्रेला येडेश्वरीच्या दर्शनाला आणि प्रथेप्रमाणे चुना वेचायला जी गर्दी लोटते, तिच्यात चुकलेले पोर शोधायचे तर कॅमेराच कामी येतो. आता तो किराणा दुकानात आहे, पतसंस्थेत आहे, द्राक्षबागेच्या बांधावरही आहे. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड हरवला की मालकाने कंपनीच्या दारात उभे राहायचे. कॅमेरे बसवणारा पोरगा पोटापाण्यासाठी पुण्याला गेला की चालू यंत्र बंद. कंपनीने मोबाइल ॲप गुंडाळले की धडधाकट कॅमेरा भंगारात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याची गत वेगळी नाही. ऐन लगीनसराईत कॅमेरा रुसला तर गावातला कारागीर हतबल, कारण सर्व्हिस मॅन्युअल त्याला मिळत नाही आणि सुटा भागही नाही. मग कॅमेरा जातो शहरात आणि सुपारी जाते दुसऱ्याकडे.

कंपन्यांची हाव तर बघा. सोनीने काही कॅमेऱ्यांच्या पडद्यावर हव्या तशा रेघा उमटवण्यासाठी १४९ डॉलरचा परवाना विकायला काढला. रेघांचे पैसे! कॅननच्या फाइव्ह-डी मार्क थ्री कॅमेऱ्यावर २०१३ मध्ये ‘मॅजिक लँटर्न’ या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला व्हिडिओ काढून दाखवला. ती ताकद यंत्रात पहिल्यापासून होती, गिऱ्हाइकाने तिचे पैसेही मोजले होते. फक्त ती त्याच्या हाती दिली नव्हती. कित्येक सीसीटीव्ही कॅमेरे तर लिनक्स या मोकळ्या प्रणालीवर चालतात. त्याचा परवाना सांगतो, की ज्याला यंत्र विकाल त्याला त्यातल्या लिनक्सचा कोड मागण्याचा हक्क आहे. जगाने मोकळा ठेवलेला कोड वापरायचा आणि वर व्यापारी गुपिताची भाषा करायची, हा निव्वळ निगरगट्टपणा आहे.

सगळे उघडे केले तर चोरांचे फावेल, ही भीती कंपन्या हमखास घालतात. झाकून ठेवल्याने कोणाचे भले झाले? सरकारी संस्थांतले दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असल्याचे २०२१ मध्ये तेव्हाचे राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी संसदेत सांगितले होते. त्यांतले चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोकाही तेव्हाच मांडला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या प्रसूतिगृहातल्या महिलांच्या चित्रफिती बाजारात विकल्या गेल्याचे उघड झाले, आणि तपासाचे धागे आपल्या शेजारच्या लातूरपर्यंत पोचले. या सगळ्या काळात फर्मवेअर कुलूपबंदच होते. चोराला वाट सापडते. अंधारात राहतो तो मालक.

कॅमेरा हे एक उदाहरण झाले. मोटारींचे सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला न देणाऱ्या १४ कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आली; कॅमेऱ्याचे नाव नाही. मग दुरुस्तीच्या माहितीचे पोर्टल आले, २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही आला. समिती झाली, पोर्टल झाले, अहवाल झाला. कायदा कुठे आहे? आज ट्रॅक्टर बिघडला तरी शेतकऱ्याने कंपनीच्या माणसाचीच वाट पाहायची. नांगरट त्यासाठी थांबत नसते.

दिल्लीचा कायदा येईल तेव्हा येईल. धाराशिवच्या जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतींना मात्र आजच एक गोष्ट करता येते. सार्वजनिक पैशातून कॅमेरे घेताना निविदेतच अटी घाला: मुख्य पासवर्ड खरेदीदाराच्या ताब्यात, माहितीपुस्तिका मराठीत, सर्व्हिस मॅन्युअल आणि सुटे भाग स्थानिक कारागिराला खुले, कंपनीने अपडेट थांबवले की फर्मवेअर जाहीर. ज्या कंपनीला हे मान्य नसेल, तिचा कॅमेरा घेऊ नका. गिऱ्हाईक तुटते म्हटल्यावर कंपन्यांची गुपिते भराभर उघडतात.