जुना भोंवरा आणि नवा भोंवरा

संस्कृतांतील ‘भ्रम्’ धातूपासून ‘भ्रमर’ शब्द झाला आणि त्याच ‘भ्रमरा’चा प्राकृतांतून येतां येतां आपल्या मराठींत ‘भोंवरा’ झाला. मुलाच्या हातांतील लांकडी खेळणें भोंवरा, नदीच्या पात्रांत गरगरणारें पाणी भोंवरा, आणि डोक्यावरील केसांचें वर्तुळ तेंही भोंवराच. एका जागीं न ठरतां फिरणें, एवढाच काय तो या साऱ्यांतील समान धर्म. आज ज्या वादाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे, तो वाद भोंवऱ्यांचा आहेच, पण स्वभावानेंही तो भोंवऱ्यासारखाच आहे. कारण कित्येक वर्षें तो फिरतोच आहे आणि थांबण्याचें चिन्ह नाहीं.

वाद असा. जपानांत १९९९ सालीं ‘बेब्लेड’ नांवाचे लढाऊ भोंवरे निघाले. तेव्हांपासून आजवर त्यांच्या चार मुख्य पिढ्या झाल्या. हे भोंवरे जमविणारी हौशी मंडळी आतां देशोदेशीं पसरली असून त्यांच्यांत जुनी पिढी सरस कीं नवी, यावर दोन तट पडले आहेत. कोणी म्हणेल, हा निव्वळ पोरखेळ. यावर सुशिक्षितांनीं वेळ कां दवडावा? पण ज्यांनीं पहिले भोंवरे लहानपणीं फिरविले ते आज मिळवते झाले आहेत, आणि स्वतःच्या पगारांतून ते जुने भोंवरे शोधून विकत घेतात. शिवाय ज्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें जुन्या-नव्याचा वाद रोज कोणत्या ना कोणत्या रूपानें चालूच असतो. भोंवऱ्याच्या निमित्तानें तो थोडा दुरून पाहतां येईल.

प्रथम मूळ पाहूं. जपानांत ‘बेईगोमा’ नांवाचा फार जुना खेळ आहे. ‘गोमा’ म्हणजे भोंवरा आणि ‘बेई’ हें ‘बाई’ नांवाच्या शंखाचें बदललेलें रूप. आरंभीं मुलें या शंखांत वाळू भरीत, तोंड मेणानें बंद करीत आणि दोरी गुंडाळून तो फिरवीत. पुढें शंखाच्या जागीं लोखंडाचे ओतीव भोंवरे आले. तोक्योजवळील कावागुची हें ओतकामासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव त्यांकरितां विशेष ओळखलें जातें. पिंपावर कापड ताणून त्याचा आखाडा करावयाचा, त्यांत दोघांनीं भोंवरे सोडावयाचे, आणि ज्याचा भोंवरा दुसऱ्याला बाहेर उडवील त्यानें हरलेला भोंवरा खिशांत घालावयाचा, अशी रीत होती. चतुर मुलें आपला भोंवरा घासून घासून बुटका व धारदार करीत. कारण बुटका भोंवरा उंच भोंवऱ्याच्या पोटाखालीं शिरून त्यास उलथतो. भोंवरा जसा मिळाला तसा न फिरवितां त्यावर स्वतःची अक्कल चालविण्याची ही खोड पुढें बेब्लेडांतही उतरली.

आपल्याकडील लांकडी भोंवऱ्याची गत थोडी निराळी. त्याची आर आणि त्याची जाळी, एवढीच त्याची संपत्ति; सगळें कसब फेंकणाऱ्याच्या मनगटांत. बेब्लेडांत जाळीच्या जागीं दांते असलेली पट्टी ओढण्याचा सोडणा आला, त्यामुळें लहान मूलही पहिल्या दिवशीं भोंवरा फिरवूं लागलें. आणि मनगटाचें कसब बरेंचसें भागांची निवड करण्याकडे वळलें.

पहिली पिढी १९९९ सालीं ताकारा या खेळण्यांच्या कंपनीनें काढली. त्याच वर्षीं ताकाओ आओकी यांची चित्रकथा सुरूं झाली आणि २००१ सालीं तिची चलच्चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली. हीच मालिका पुढें आपल्या देशांतील मुलांनींही पाहिली. तींतील चार प्रमुख भोंवऱ्यांचीं दैवतें चीन-जपानच्या परंपरेंतील चार दिशांचे रक्षक आहेत: पूर्वेचा नाग, दक्षिणेचा पक्षी, पश्चिमेचा वाघ आणि उत्तरेचें कासव. आपल्या दिक्पालांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हे भोंवरे बहुतांशीं प्लास्टिकचे, आंत वजनासाठीं धातूची चकती. भाग सुटे करून एकाचे दुसऱ्यास बसवितां येत. पुढें कांहींत लोहचुंबक आले, कांहींत स्प्रिंगेचें यंत्र आलें. या पिढीवर लोभ ठेवणारे म्हणतात, ‘इतक्या निरनिराळ्या युक्त्या पुन्हां कधीं झाल्या नाहींत.’ तें खोटें नव्हे.

२००६ सालीं ताकारा व तोमी या कंपन्या एक झाल्या, आणि २००८ सालीं दुसरी पिढी आली. हिचें मुख्य चाक ओतीव धातूचें. कुंभार आपल्या चाकाच्या कडेस वजन कां देतो, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या पिढीचें बळ सांगणें नलगे: वजन मध्यापासून जितकें दूर, तितकें फिरणें टिकाऊ. या भोंवऱ्यांचीं नांवें पाहून आम्हांस पाणिनीच्या अनुबंधांची आठवण झाली. ‘स्टॉर्म पेगॅसिस १०५ आरएफ’ या नांवांतील १०५ म्हणजे मधल्या भागाची उंची साडेदहा मिलिमीटर, आणि ‘आरएफ’ म्हणजे खालचें टोंक रबराचें व सपाट. नांवांतच सगळी रचना सांगितलेली. सपाट टोंकाचा भोंवरा आखाड्यांत धांवत सुटतो व हल्ला करतो. अणकुचीदार टोंकाचा एका जागीं उभा राहून प्रतिपक्षाची दमछाक पाहतो.

याच पिढींत डाव्या बाजूनें फिरणारे ‘एल-ड्रॅगो’ भोंवरे गाजले. त्यांतील एकाच्या कडेला रबर होतें. दोन भोंवरे एकाच दिशेनें फिरत असतील तर भेटीच्या ठिकाणीं त्यांच्या कडा परस्परविरुद्ध धांवतात आणि जोराची टक्कर होते. दिशा उलट असल्या तर त्या जागीं दोन्ही कडा एकीकडेच धांवतात. मग चक्रांस चक्र लागावें तसें वेगवानाचें फिरणें मंदाकडे जातें. रबरामुळें कड घसरत नाहीं आणि मरूं घातलेला भोंवरा शत्रूच्या जोरावर पुन्हां उभा राहतो. मुलें यास ‘फिरणें चोरणें’ म्हणतात. शाळेंत यंत्रशास्त्राचा धडा शिकवितांना असें उदाहरण हाताशीं असतें तर किती बरें झालें असतें!

२०१५ सालीं तिसरी पिढी ‘बर्स्ट’ आली. तींतील भोंवरा धडकांनीं आंतल्या आंत एक एक खांच सरकत शेवटीं फुटून तीन तुकडे होतो, व फुटला तो हरला. चौथी पिढी ‘एक्स’ २०२३ सालची. हिच्या आखाड्याच्या कडेला दांतेरी पट्टी असून भोंवऱ्याच्या टोंकाभोंवतींही दांते असतात. दांत्यांत दांते अडकले कीं भोंवरा एकाएकीं भन्नाट वेगानें सुटतो. गुणांची रीतही ठरलेली आहे: प्रतिपक्ष आधीं थांबला तर १ गुण, फुटला किंवा बाजूच्या खळग्यांत पडला तर २, आणि वेगाच्या पट्टीसमोरील मोठ्या खळग्यांत उडाला तर ३; ज्याचे आधीं ४ होतील तो जिंकला.

आतां दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकूं. जुने म्हणतात: धातूच्या भोंवऱ्याचें हातास लागणारें वजन नव्यांत नाहीं, ‘बर्स्ट’नें पुन्हां प्लास्टिकचा बुजबुजाट केला, आणि ‘एक्स’मध्यें लढतो तो आखाडा, भोंवरा नव्हे. नवे म्हणतात: धातूच्या काळीं दोन टिकाऊ भोंवरे समोरासमोर आले कीं कोण आधीं थांबतो हें पाहत बसावें लागे, आमच्या काळीं निकाल चटकन् लागतो, आणि मोडलेला भाग दुकानांत मिळतो.

आमच्या मतें येथें एक गोष्ट नजरेआड होते. प्रत्येक पिढी मागच्या पिढीवरील आक्षेपाचें उत्तर म्हणून उभी आहे. प्लास्टिक हलकें, म्हणून धातु आला. धातूचे सामने लांबले, म्हणून फुटणारे भोंवरे आले. फुटणाऱ्यांत वेगास जोर कमी वाटला, म्हणून दांतेरी पट्टी आली. उत्तर देणारा प्रश्न विचारणाऱ्याहून थोर ठरतो असें नाहीं, आणि प्रश्न नसता तर उत्तरही नसतें. नवा भोंवरा जुन्याचा वैरी नसून त्याचा नातू आहे. नातवाची उंची आजोबांहून अधिक झाली म्हणून आजोबा ठेंगणे ठरत नाहींत.

दुसरें असें कीं, दोघांस एकाच आखाड्यांत सोडून निकाल लावणें हा न्याय नव्हे. धातूचा भोंवरा प्लास्टिकच्या भोंवऱ्यास सहज उडवील. त्यानें वजन सिद्ध होतें, गुण नव्हे. ‘एक्स’चा भोंवरा जुन्या गुळगुळीत आखाड्यांत टाकला तर त्याच्या दांत्यांस पकडण्यास पट्टीच नसते, मग त्याचें मुख्य कसब दिसणार कोठें? म्हणूनच जाणत्या हौशी मंडळींच्या स्पर्धांत निरनिराळ्या पिढ्यांस निरनिराळे नियम लावतात. कालिदासासही ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभीं भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा जुन्या प्रथितयश नाटककारांपुढें आपली नवी कृति ठेवण्याचें समर्थन सूत्रधाराकरवीं करावें लागलें. तेथें त्याची मागणी एवढीच, कीं जाणत्यानें स्वतः पारखून मग निवड करावी. पारखावयाचें तें ज्याच्या त्याच्या आखाड्यांत.

परंतु या वादाच्या तळाशीं याहून अवघड प्रश्न आहे, आणि तो घराघरांत येणारा आहे. भोंवरा झिजतो. दुसऱ्या पिढींतील रबराचें टोंक प्रत्येक लढाईत थोडें थोडें घासतें आणि कांहीं दिवसांनीं त्याची धांव जाते. ‘बर्स्ट’मधील खांचा झिजल्या कीं भोंवरा जरा धक्का लागतांच फुटतो. जुन्या पिढ्यांचे भाग आतां कारखान्यांतून नित्य निघत नाहींत. मग जुन्या भोंवऱ्याच्या धन्यानें काय करावें? फिरवावा तर तो संपतो. पेटींत ठेवावा तर तो भोंवराच राहत नाहीं.

आमच्याच घरीं हा पेंच पडला होता. पुतण्याचें वय आज तिशीच्या घरांत. त्याच्या कपाटांत दुसऱ्या पिढीचे भोंवरे कापसांत गुंडाळून ठेवलेले. नातू नऊ वर्षांचा. त्याच्याजवळ नवीन ‘एक्स’. एके दिवशीं नातवानें रबरी टोंकाचा जुना भोंवरा मागितला. पुतण्या म्हणाला, “बाळ, हें टोंक झिजलें तर पुन्हां मिळायचें नाहीं.” नातू म्हणाला, “मग काका, तो तुम्ही फिरवणार तरी केव्हां?” यावर पुतण्या निरुत्तर झाला. दोघांचेंही म्हणणें खरें होतें, म्हणूनच तो पेंच.

त्यांतून वाट काढली ती पुतण्यानेंच. या भोंवऱ्यांचे भाग अदलाबदलीचे असतात. त्यानें रबराचें टोंक काढून डबींत ठेवलें आणि त्याच्या जागीं दुसऱ्या एका भोंवऱ्याचें साधें प्लास्टिकचें टोंक बसविलें. आतां तो भोंवरा रोज फिरतो; रबराचें टोंक सणावाराला लावावयाचें आणि त्या दिवशीं झिजेल तेवढें आनंदानें झिजूं द्यावयाचें, असें दोघांत ठरलें. आम्हांस यांत मोठें शहाणपण दिसलें. जें पुन्हां मिळणार नाहीं तें जपावें. पण जपण्याच्या नांवाखालीं वस्तूचा धर्मच बंद पाडूं नये.

घरांतील वडील मंडळींस यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. मुलांनीं नवीन खेळणें मागितलें तर ‘आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें’ एवढ्यावर त्यांची बोळवण करूं नये. त्यांत नवीन काय आहे तें विचारावें. फिरणें कसें टिकतें, टोंक सपाट कां, दांते कशाला, हें मूल समजावून सांगूं लागलें कीं खेळण्याचे पैसे वसूल झाले असें समजावें. आणि घरांतील थोरल्या भावंडांनीं आपलीं जुनीं खेळणीं कुलुपांत ठेवण्यापूर्वीं तीं कशीं फिरत होतीं हें धाकट्यांस एकदां तरी दाखवावें. न दाखविलेली जुनी थोरवी धाकट्यास बढाईच वाटते.

जुन्याचा अभिमान वाईट नव्हे आणि नव्याची ओढही वाईट नव्हे. पण भोंवरा उभा राहतो तो फिरतो म्हणून. तो जुना आहे कीं नवा, याचा त्या उभें राहण्याशीं कांहीं संबंध नाहीं.