नोंदीचे मोल

अकराव्या शतकातल्या चीनमध्ये बी शेंग नावाचा एक सामान्य माणूस होऊन गेला. त्याला ना पदवी होती, ना अधिकार. मातीवर एकेक अक्षर कोरायचे, ते भाजून टणक करायचे आणि असे सुटे खिळे जुळवून पान छापायचे, ही युक्ती त्याने १०४१ ते १०४८ या वर्षांच्या दरम्यान काढली. आज आपल्याला ती ठाऊक आहे, कारण शेन क्वो या विद्वानाने आपल्या टिपणवहीत तिची नोंद केली.

ही नोंद वाचताना तिच्यातला बारकावा थक्क करतो. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरायची, त्यावर चौकटीत खिळे बसवायचे, पत्रा तापवायचा, वरून सपाट फळीने दाबायचे. एका पत्र्यावर छपाई चालू असताना दुसऱ्यावर जुळणी. नेहमी लागणाऱ्या अक्षराचे वीसहून अधिक खिळे. लाकूड का नको, तर ते ओल धरते आणि राळेला चिकटून बसते. बारकाईने समजून घेतल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

शेन क्वो (१०३१–१०९५) हा सोंग राजवंशाच्या दरबारातला मोठा अधिकारी. खगोल विभाग त्याने सांभाळला, ल्याओ राज्याकडे वकील म्हणून तो जाऊन आला. १०८२ साली सीमेवरच्या लढाईत पराभव झाला, त्याचे खापर त्याच्यावर फुटले आणि पद गेले. अखेरची वर्षे त्याने आजच्या झेनजियांग शहरातल्या आपल्या बागेत काढली. तिथे बोलायला कोणी नव्हते. कुंचला आणि शाईचा दगड एवढेच सोबती, असे तो प्रस्तावनेत सांगतो. त्या एकांतातून ‘मंगशी बितान’ हा सहाशेहून अधिक टिपणांचा ग्रंथ झाला.

त्यात संगीत आहे, गणित आहे, औषधे आणि चित्रकला आहे. थायहांग डोंगराच्या कड्यात शिंपले दिसले, तेव्हा इथे पूर्वी समुद्रकिनारा असला पाहिजे, असे तो लिहितो. जमिनीतून झिरपणाऱ्या तेलाच्या काजळीपासून तो शाई करून पाहतो आणि पुढे या तेलाचा मोठा वापर होईल, असे सांगतो. चुंबकाची सुई नेमकी दक्षिणेला न राहता किंचित पूर्वेकडे झुकते, हेही त्याने टिपले. काही सुया दक्षिण दाखवतात, काही उत्तर. याचे कारण आपल्याला उमगत नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले. उत्तर मिळाले नाही म्हणून निरीक्षण टाकून दिले नाही.

अशा संकीर्ण टिपणांना चिनी साहित्यात ‘बिजी’ म्हणतात. बाराव्या शतकात होंग माय याने सुमारे चाळीस वर्षे अशी टिपणे लिहिली. सतराव्या शतकातल्या गू यानवूने तीस वर्षांहून अधिक काळ वही चालवली. आपला मुद्दा आधी कोणी मांडलेला आढळला, की तो आपले टिपण सरळ काढून टाकत असे. संकीर्ण लेखनालाही शिस्त असते, ती ही.

आपल्याकडे असे संकीर्ण वाचन दिवाळी अंकांतून येते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाने कथा, कविता, प्रवास, विज्ञान, व्यंगचित्रे एकाच अंकात आपलीशी केली आहेत. हे अंक कितीतरी वर्षे जुळाऱ्यांच्या हातून खिळ्याखिळ्याने उभे राहिले. त्यांची हातोटी, त्यांचे शब्द, त्यांच्या कामाचा क्रम कोणी तपशिलाने लिहिला असेल, तेवढाच पुढच्यांना कळेल. इतर व्यवसायांचेही तसेच आहे. थोरामोठ्यांची चरित्रे लिहिली जातात. काम करणाऱ्या हातांची विद्या मात्र कोणी मुद्दाम विचारून टिपली तरच टिकते.

म्हणून या दिवाळी अंकासाठी लेख निवडताना आम्ही एक गोष्ट पाहिली: लेखकाने स्वतः काय पाहिले, कोणाला विचारले. वाचकांकडेही तेच मागणे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना, ओळखीच्या कारागिराला प्रश्न विचारा. उत्तर तारीख घालून लिहा, सांगणाऱ्याचे नाव लिहा, न कळलेले न कळले म्हणून लिहा. पुढच्या वर्षीच्या अंकात अशा नोंदींना आम्ही आनंदाने जागा देऊ.



– संपादक