बटण नसलेली पेटी



नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका संशोधन प्रक्षेत्रावर उसाच्या प्लॉटात आम्ही अॅल्युमिनियमची नळी उभी गाडली होती. तिच्यात तारेला बांधलेली कांडी सोडायची आणि कोणत्या थरात किती ओल आहे ते पेटीवर वाचायचे. काम आटोपल्यावर पेटी उचलणाऱ्या गड्याने विचारले, "साहेब, हे बंद करायचं बटण कुठं हाय?"

बटण नव्हतेच. कांडीत अमेरिशियम आणि बेरिलियम यांची मिसळ होती. अमेरिशियममधून सतत कण सुटतात, ते बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. रात्री, सुट्टीच्या दिवशी, कुलपात ठेवले तरी. अमेरिशियम निम्मे व्हायला ४३२ वर्षे लागतात. १६३० साली, शिवछत्रपतींच्या जन्मावेळी ठेवले असते, तरी आज निम्म्याहून जास्त उरले असते!

न्यूट्रॉनला ओल कशी कळते? गोट्या आठवा. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर मागे उसळते. पण सारख्या वजनाच्या गोटीला नेमकी लागली तर जागीच थांबते. मातीतले बहुतेक अणू न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी जड. पाण्यातल्या हायड्रोजनचा अणू मात्र त्याच्याच वजनाचा. म्हणून ओल्या मातीत न्यूट्रॉन लवकर मंदावतात, आणि मंदावलेले किती ते मोजले की ओल समजते. अगदी वरच्या थरात हा हिशेब चुकतो, कारण तिथून न्यूट्रॉन हवेत निसटतात. तिथली माती आम्ही भट्टीत वाळवून तोलत असू.

त्या गड्याच्या प्रश्नाचे उत्तर आता प्रयोगशाळेत मिळाले आहे, आणि ते प्रकाशाचे आहे. १९८५ साली अमेरिकेत डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी एक युक्ती काढली. लेसरचा झोत आधी लांब ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी आखडून घ्यायचा. त्यांना २०१८ साली नोबेल मिळाले. असा झोत सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. तो केसाहून पातळ पत्र्यावर एकवटला की पत्र्यातले इलेक्ट्रॉन मागच्या बाजूने उधळतात. त्यांच्या मागोमाग जबरदस्त विद्युत ओढ तयार होते आणि प्रोटॉन खेचले जातात. हे प्रोटॉन येतात कुठून? बहुतेक वेळा पत्र्याच्या पाठीवर आपोआप बसलेल्या ओलीच्या आणि तेलकटपणाच्या थरातून. कोणी मुद्दाम लावलेला नसतो तो. इथेही ओलच कामी येते, याची मला मोठी गंमत वाटते.

हे प्रोटॉन लिथियम किंवा बेरिलियमवर आदळवले की न्यूट्रॉन मिळतात. २०१३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी जड हायड्रोजन असलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा वापरून असाच न्यूट्रॉनांचा मोठा लोट मिळवल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा तीव्र लेसरांवर काम चालते. लेसर थांबला की न्यूट्रॉनही थांबतात.

मात्र हे यंत्र खोलीभर पसरते, आणि ते चालू असताना जाड भिंतीआड राहावे लागते. लेसर-न्यूट्रॉनने ओल मोजून देतो म्हणत कोणी गावात आला, तर पैसे देण्याआधी मला पत्र टाका.

बटणाचे महत्त्व २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. जुन्या यंत्रातले किरणोत्सारी कोबाल्ट भंगारात गेले, लोकांनी ते हाताळले, एकाचा जीव गेला. तेव्हा भंगारात किंवा जुन्या सामानात पिवळ्या रंगावर काळ्या तीन पात्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असलेली पेटी दिसली, तर ती उघडू नका, फोडू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. लांब उभे राहून पोलीस पाटलांना कळवा.