जुन्या संगणकाचें अंतरंग

पुण्याच्या एका वाचक-भगिनींनीं विचारिलें आहे कीं, कैलासवासी मामंजींचा जुना संगणक सुरू केला असतां पडद्यावर चार इंग्रजी ओळी येतात व यंत्र तेथेंच थांबतें. भंगारवाला तें वजनावर मागतो, तर द्यावें काय? मामंजींनीं कित्येक वर्षें खपून केलेली संस्कृत-मराठी शब्दसूची त्याच यंत्रांत आहे. आमचें उत्तर : तूर्त मुळींच देऊं नये.

वर्णनावरून यंत्र '४८६' जातीचें दिसतें. इंटेल कंपनीनें हा प्रोसेसर १९८९ मध्यें काढिला. पेटी उघडण्यापूर्वीं भिंतीकडील तार काढावी. या पिढींतील पुष्कळ यंत्रांत समोरच्या बटनापर्यंत घरांतील २३० व्होल्टांचा प्रवाह आलेला असतो. वीजपेटीचें झांकण कधींच उघडूं नये. तिच्याकडून मदरबोर्डास दोन जोडण्या जातात. त्या काढिल्याच, तर परत बसवितांना दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागीं शेजारीं-शेजारीं याव्यात. उलट बसल्यास बोर्ड जळण्याचें भय.

उभ्या लहान पट्ट्या ही तात्पुरती स्मृति. वीज गेली कीं पाटी पुसली. तीस पायांच्या पट्ट्या असल्यास चार एकत्रच लागतात, कारण प्रत्येक पट्टी एका वेळीं आठ बिटें देते व ४८६ ला बत्तीस हवीं असतात. एखादी काढून गंमत पाहणाऱ्या चिरंजीवांस हें आधींच सांगावें.

परंतु खरा अपराधी बहुधा बॅटरी होय. बोर्डाच्या कडेला अंगठ्याच्या पेराएवढी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. यंत्र बंद असतां घड्याळ चालविणें व डिस्कचें वर्णन स्मरणांत ठेवणें हें तिचें काम. 'संगणक' शब्दांत 'गण्' धातु आहे खरा, पण बॅटरी संपली कीं या गणकास स्वतःची डिस्कही मोजतां येत नाहीं! डिस्क मात्र शाबूत असूं शकते. तिच्यावरील चिठ्ठींत सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आंकडे बहुधा छापलेले असतात. ते सेटअपमध्यें भरावे. बॅटरींतून हिरवट-पांढरा क्षार गळला असल्यास हातमोजे घालून ती कापून काढावी, जागा कापसानें व्हिनेगर लावून पुसावी, मग स्पिरिटानें स्वच्छ करून पूर्ण वाळवावी. कॅडमियम विषारी आहे. बॅटरी घरच्या कचऱ्यांत टाकूं नये.

आंत एखाद्या कार्डावर 'जिस्ट' हीं अक्षरें आढळलीं, तर तें जपावें. कानपूरच्या आयआयटींत आरंभिलेलें हें काम पुण्याच्या सी-डॅकनें पुढें नेलें. युनिकोड घरोघर पोंचण्यापूर्वीं डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटविण्याचें काम हें कार्ड करी. त्या काळचा मजकूर पुष्कळदां 'इस्की' संकेतांत असतो. त्याचें भारतीय मानक १९९१ चें आहे. कार्डाविना तोच मजकूर उघडल्यास नुसतीं विचित्र चिन्हें दिसतात, आणि 'फाइल नासली' म्हणून ती पुसून टाकणारे महाभागही असतात.

डिस्क काढून नव्या संगणकास यूएसबी अडॅप्टरनें जोडतां येते. फार जुन्या डिस्का कांहीं अडॅप्टरांस वाचतां येत नाहींत. तसें झाल्यास डिस्कला दोष देऊं नये, ती जुन्याच यंत्रांत चालवून पाहावी. फाइलींची जशीच्या तशी नक्कल दोन ठिकाणीं करावी व एका नकलेवरच युनिकोडांत रूपांतर करवावें. शब्दसूची 'अ' पासून 'ह' पर्यंत वाचून झाली, म्हणजे लोखंडी पेटीचें काय करावयाचें तें भगिनींनीं खुशाल ठरवावें.